तीन दप्तरांतली बाई

प्रस्तावना

वसईच्या ख्रिस्ती शेतकरी घरात सून म्हणून आलेली आणि हयातभर शाळेत शिकवत राहिलेली बाई कागदोपत्री शोधायची म्हटली, तर तीन दप्तरं धुंडाळावी लागतात. पहिलं चर्चचं. तिथल्या जाडजूड नोंदवहीत तिच्या बाप्तिस्म्याची एक ओळ असते. त्याच ओळीच्या समासात, वीस-बावीस वर्षांनंतरच्या वेगळ्या शाईनं, तिचं लग्न कुठल्या चर्चमध्ये आणि कोणाशी झालं ते लिहिलेलं असतं. कॅथलिक चर्चचा तसा नियमच आहे. मुलगी कुठंही नांदायला गेली, तरी लग्नाची खबर तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपर्यंत परत यावी लागते.

दुसरं दप्तर तलाठ्याचं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर मालकाचं नाव, बारावर पिकाचं. बारावरची केळी, भाजी, भात तिच्या हातचं असतं. सातवर बहुतेक घरांत आधी सासऱ्यांचं नाव, मग नवऱ्याचं आणि पुढं मुलग्यांचं.

तिसरं दप्तर शाळेचं. सेवापुस्तिकेत ती एकदाची स्वतःच्या नावानं भेटते. जन्मतारीख, शिक्षण, शरीरावरची ओळखीची खूण, बोटांचे ठसे, नेमणुकीचा दिवस, वेतनवाढी, बाळंतपणाच्या रजा आणि शेवटच्या पानावर निवृत्ती. बाईच्या नावानं सरकारदरबारी इतकं सविस्तर लिहिलेलं दुसरं काही सहसा सापडत नाही.

या तिन्ही दप्तरांतली बाई एकच आहे, हे सांगणारा चौथा कागद मात्र नव्हता. वसईतल्या शेतकरी घरांतल्या कॅथलिक शिक्षिकांच्या आठवणींचं हे पुस्तक म्हणजे तो चौथा कागद. ते वाचून माझं जे मत बनलं ते सुरुवातीलाच सांगते. वसईच्या पट्ट्यात मराठी टिकली, वाड्या टिकल्या आणि चारशे वर्षांहून जुनी श्रद्धा टिकली, त्यात या बाईचा वाटा फार मोठा आहे. तिन्हींचा भार तिनं एकाच वेळी उचलला. आणि तो तिला पेलला, कारण तिच्या मनात ही कामं एकमेकांपासून तुटलेली नव्हती.

हिंगोलीच्या बाईनं वसईवर का लिहावं, असं कोणी विचारील. विचारणं रास्तच आहे. आमच्याकडं सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद. कयाधूच्या काठानं वाढलेली आम्ही माणसं, समुद्र आम्ही सहलीतच पाहिलेला. जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत हिंगोली औरंगाबाद धर्मप्रांतात येते. हा धर्मप्रांत 1977 साली अमरावतीपासून वेगळा झाला आणि मराठवाड्याचे सगळे जिल्हे त्याच्याकडं आले, एवढंसुद्धा आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

पण शेतकरी घरातली शिक्षिका आम्हाला अनोळखी नाही. सकाळी भाकरी थापून, जनावरांचं वैरणपाणी उरकून, एसटीनं दुसऱ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाणारी आणि हळद काढायच्या दिवसांत रविवारीही विसावा नसलेली बाई आमच्या वसमत, कळमनुरी, सेनगावकडं गावोगाव आहे. हळदीचे कंद उकरायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे, मग ढोलात घालून चकाकी आणायची. या सगळ्यात बाईचा हात कुठं लागत नाही? वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्यांत बाजारपेठ होती, संशोधन केंद्र होतं. हळद वेचणारे हात नव्हते. वसईच्या बाईंच्या आठवणी वाचताना मला आमच्याकडच्या या बायका पदोपदी आठवल्या. म्हणून ही प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं.

आणखी एक कारण आहे. आमचा मुलूख नामदेवांचा आणि जनाबाईंचा. नर्सी आमच्या जिल्ह्यात, गंगाखेड शेजारच्या परभणीत. दळता-कांडता, शेण्या थापता थापता देवाशी बोलणारी जनाबाई आम्हाला कोणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भक्ती करायला कामातून उठून जावं लागत नाही, हे आम्ही आजीच्या जात्याजवळ शिकलो. वसईच्या ख्रिस्ती शिक्षिकेची श्रद्धा समजून घ्यायला मराठवाड्याच्या वाचकाला याच वाटेनं जाता येईल. देव वेगळा, प्रार्थना वेगळी. पण हात कामात आणि चित्त देवाकडं, ही रीत ओळखीची आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ती बाई म्हटली की दोन नावं येतात. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढं केडगावला मुक्ती सदन उभं केलं. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत आलं आणि मराठी गद्याचं भूषण होऊन बसलं. दोघीही थोर. पण दोघींच्याही गोष्टीत धर्मांतर हा मोठा उंबरठा आहे. त्या तो ओलांडून गेल्या, म्हणून त्यांची कहाणी घडली. दोघीही कॅथलिक नव्हत्या आणि शेतकरी घरातल्याही नव्हत्या.

वसईच्या बाईच्या आयुष्यात हा उंबरठा नाही. तिची श्रद्धा तिला पणजीकडून, खापरपणजीकडून आली. 1534 च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडं गेली आणि त्यामागून फ्रान्सिस्कन, जेझुइट धर्मगुरू आले. ज्यांचा भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून मान आहे, ते गोन्सालो गार्सिया वसईचेच. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मरण आलं आणि 1862 साली त्यांना संतपद मिळालं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले. राहिले ते इथलेच लोक: कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी. सत्ता गेल्यावरही त्यांनी धर्म सोडला नाही, आणि धर्म घेतल्यावरही त्यांनी माती, बोली, लग्नातली हळद, मांडव आणि लाल लुगडं सोडलं नव्हतं.

आमच्याकडची हळद वसईच्या ख्रिस्ती नवरीला लागते, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आडनाव परेरा, लोपीस, डाबरे किंवा तुस्कानो. घरात कादोडी किंवा वाडवळी बोली. देवळात प्रमाण मराठी प्रार्थना. या तिन्हींत अंतर आहे, असं आपल्याला बाहेरून वाटतं. तिला आतून वाटत नाही.

आता श्रद्धेचं बोलू, कारण ‘धर्मनिष्ठ’ म्हटलं की आपण पटकन जपमाळ आणि रविवारची मिस्सा एवढ्यावर थांबतो. त्या आहेतच. संध्याकाळी घरातली सगळी माणसं गोळा करून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, हा कॅथलिक घराचा पाया. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापाशी शेजारीपाजारी जमून रोझरी होते. वसईच्या गावांत वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, वाटेच्या वळणावर असे क्रूस उभे असतात. पोरं लवकर घरी पळू नयेत म्हणून पुढचं दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा फेरा, कोणी म्हणायचं ते बाईच ठरवते, आणि शाळेतला तिचा आवाज तिथंही कामाला येतो.

या श्रद्धेत 1960 च्या दशकात एक मोठा पालट झाला. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेसंबंधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीजवळ जागा मिळाली. वसईच्या देवळांत मराठी घुमू लागली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे, म्हणजे ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायची वाट जुनीच होती. पण उपासनेतली मराठी घरोघर पोहोचली ती या परिषदेनंतर.

आणि मराठी वाचायची म्हटल्यावर गावात स्पष्ट, चढउतारासह वाचणारं माणूस कोण? शाळेतल्या बाई. बायबलमधले उतारे वाचायला, मुलांना धर्मशिक्षण द्यायला, गीतं बसवायला त्या उभ्या राहिल्या. बायकांना वाचकाची अधिकृत सेवा पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2021 मध्ये खुली केली. वसईतल्या आणि जगभरातल्या शेकडो गावांतल्या शिक्षिका त्याच्या कितीतरी आधीपासून ते काम करत होत्या. नियम मागाहून आला.

व्हॅटिकन परिषदेनं आणखी एक गोष्ट ठासून सांगितली: पावित्र्य ही धर्मगुरू आणि धर्मभगिनींची मिरास नाही, संसारी माणसालाही तीच हाक आहे. चर्चच्या इतिहासात संसारी शेतकरी फार थोडे दिसतात. स्पेनमधला मजूर इसिदोर 1622 साली संत ठरला, त्याच दिवशी इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियरही. इसिदोरची बायको मारिया शेतात त्याच्याइतकीच राबली. लोक तिलाही मानतात, पण तिचं नाव किती जणांनी ऐकलंय? पतिपत्नींना जोडीनं संतपद मिळायला 2015 साल उजाडावं लागलं. ते फ्रान्समधल्या संत तेरेझाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन. वसईच्या बाईंना संत करा, असं मी म्हणत नाही. त्या स्वतःही म्हणणार नाहीत. त्यांच्या दिवसात जे होतं त्याला चर्चच्याच भाषेत पावित्र्य म्हणतात, एवढंच मला वाचकाच्या ध्यानात आणून द्यायचं आहे.

हा दिवस कसा असतो ते पाहायला मी एकच तारीख घेते: 15 ऑगस्ट. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण त्याच दिवशी येतो. पहाटे देवळात मिस्सा. तिथून तशीच शाळेत, कारण झेंडावंदनाला बाई हजर हव्यात आणि ‘जन गण मन’ नंतरचं समूहगीत त्यांनीच बसवलेलं. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटून, पटांगणातल्या पताका उतरवून घरी येईतो दुपार. बाहेर पाऊस. वाफ्यांत तण माजलेलं, वेलाचे आधार वाऱ्यानं कललेले, भाताच्या खाचरात पाणी किती आहे ते पाहायचं. सणाचं जेवण तर करायचंच, कारण लेकी माहेरी आलेल्या. एका दिवसात मरिया, देश आणि शेत, आणि यातलं एकही काम उद्यावर ढकलण्यासारखं नाही. आपल्याकडं पोळ्याच्या आसपास शाळेची चाचणी आली की शिक्षिकेची जी ओढाताण होते, तिची ही वसईतली बहीण.

उपवासकाळ तर त्याहून कठीण. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस मांसाहार कमी, क्रुसाची वाट, दर शुक्रवारी देऊळ. नेमक्या याच काळात शाळेत वार्षिक परीक्षेची धांदल आणि वाडीत पाण्याची टंचाई. विहीर खाली गेलेली, पाणी जपून द्यायचं. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळी घेऊन मिरवणुकीत चालणारी बाई मनात उद्याचा पेपर आणि वाफ्याचं पाणी दोन्ही मोजत असते. तिला कोणी हे प्रार्थनेतलं व्यवधान म्हटलं तर ती मान्य करणार नाही. तिच्या लेखी ज्याच्यासाठी उपवास करायचा त्यानंच पेपर आणि पाणी दोन्ही सोपवलेलं आहे.

वाडीचं काम जवळून सांगायला हवं, कारण आमच्या काळ्या रानाच्या माणसाला ते वेगळं वाटेल. वसईच्या किनारपट्टीत एकरांच्या हिशेबानं पसरलेली शेतं थोडी. वाडी लहान, पण तिथं एकावर एक पिकं: वर नारळ, त्याच्याखाली केळी, आधाराला चढलेली पानवेल, कडेनं मोगरा, जाई, तगर, चाफा आणि मोकळ्या जागेत वांगी, भेंडी, अळू. पाणी विहिरीचं किंवा बावखलाचं. बावखल म्हणजे खोदून केलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं, भोवतालच्या विहिरींना झरे पुरवतं आणि उन्हाळ्यापर्यंत वाडी तगवतं. पूर्वी त्यावर रहाट चालत. पुढं डिझेल इंजिन आलं, मग विजेचा पंप. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडं पाणी धरून ठेवायची ही युक्ती अनेक पिढ्यांच्या शहाणपणातून आली आहे.

पानवेलीला दिवसाआड माणसाचा हात लागतो. वेल वाढली की आधाराला बांधायची, फार वर गेली की उतरवून पुन्हा मातीत दाबायची, पानं खुडून आकारानं लावायची. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, म्हणजे अंधारातच. आगाशीकडं राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि त्यांची सुकेळी करतात. दिवसभर ऊन, संध्याकाळी उचलून आत, सकाळी पुन्हा बाहेर, असं करत केळं तपकिरी, चिवट आणि मधासारखं गोड होतं. पाऊस आला, दव पडलं, माशी बसली, तर सगळं वाया. ही सगळी कामं घरातल्या बायकांची. 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि फुलांच्या, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वसईच्या बायका पहिल्या लोकलनं दादरला जाऊ लागल्या. शिक्षिकेची सासू अशीच पाटी घेऊन जाणारी असे. सासू लाल लुगड्यात मुंबईच्या गाडीला, सून पाचवारीत शाळेच्या वाटेला, आणि दोघींच्या कमाईवर घर उभं.

हा हिशेब या पुस्तकात जागोजाग येतो आणि तो वाचकानं नीट पाहावा. भाजीचा भाव पडला, केळीवर रोग आला, अवकाळी पावसानं सुकेळी नासली, तरी महिन्याच्या शेवटी पगार ठरलेला. त्या पगारातून विहिरीचा गाळ निघाला, पंप आला, मुलांची फी भरली गेली. वाडी नोकरीला पोसते की नोकरी वाडीला, असा प्रश्न पडला तर उत्तर दुसरं आहे. बाईंचा पगार नसता, तर कितीतरी वाड्या एका पिढीआधीच विकल्या गेल्या असत्या.

शाळेकडं वळते. वसईत धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) मराठी शाळा होत्या, जिल्हा परिषदेच्याही होत्या. दोन्हीकडं बाईंसमोर बसलेलं पोर घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारं. पुस्तक प्रमाण मराठीचं. 1967 साली बालभारतीची स्थापना झाली आणि त्यानंतर वसईच्या पोरानं आणि हिंगोलीच्या पोरानं एकच पुस्तक उघडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. आमच्या आजोबांच्या पिढीनं शाळेत उर्दू गिरवली. त्यांच्याकडं मुंबई इलाखा. दोन्ही मुलखांतली मुलं पुस्तकातल्या मराठीपासून एकेका हातावर होती. आमच्याकडं वऱ्हाडी-मराठवाडी वळणाची बोली, त्यांच्याकडं कादोडी. ते अंतर बाईंनी कमी केलं. मुलाच्या तोंडातला घरचा शब्द खोडायचा नाही, त्याच्याशेजारी पुस्तकातला शब्द ठेवायचा, दोन्ही पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे. ज्या शिक्षिकेची स्वतःची घरची बोली तीच होती, तिला हे कोणी शिकवावं लागलं नाही. मुलाच्या बोलीची तिला लाज नव्हती, म्हणून मुलालाही शाळेची भीती वाटली नाही.

या शाळांचं फळ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये आमच्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबादला, 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूच्या निवडीला तेव्हा काहींनी विरोध केला. ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षं चालवणारे, ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे हे गृहस्थ. त्यांची मराठी अस्सल कशी, असा प्रश्न ज्यांना पडला, त्यांनी वसईच्या मराठी शाळा पाहायला हव्या होत्या. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकेनं मराठीत जे लेखन केलं, तेही याच मातीतलं. लेखक दिसतात. त्यांच्या आणि त्यांच्या वाचकांच्या पाटीवर पहिलं अक्षर काढून देणाऱ्या बाई दिसत नाहीत.

आता जे हातातून गेलं त्याबद्दल. मुंबई वाढत वाढत वसईपर्यंत आली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन बांधकामाला मोकळी करायचे निर्णय झाले आणि गावं हादरली. विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडं जाऊ लागलं. गोडं पाणी उपसलं गेलं की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावं लागत नाही, नारळाचं झाड आणि केळीचं पान ते सांगतात. हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. दिब्रिटो त्याच्या आघाडीवर होते आणि गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून पुन्हा लोक उठले. बावखलं बुजली, वाड्यांच्या जागी चाळी आणि मनोरे आले. ज्या वाड्या अजून उभ्या आहेत त्यांतल्या पुष्कळ साठी-सत्तरीतल्या बायकांच्या जिवावर आहेत.

मराठी शाळांचंही तेच. धर्मग्रामांच्या अंगणात इंग्रजी माध्यम आलं आणि ज्या बाईंनी हजारो मुलांना मराठी शिकवली, त्यांची नातवंडं मराठी अडखळत वाचू लागली. देवळात मराठी मिस्सा आहे, पण प्रार्थनेच्या पुस्तकातलं वाक्य वाचायला नातवाला आजीची मदत लागते. हिंगोलीच्या वाचकानं यावर हळहळून थांबू नये. आमच्याकडंही जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट घटत आहेत आणि गावोगावच्या पालकांची ओढ तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडं आहे. फरक एवढाच, की वसईत हे आधी घडलं.

पुस्तकात काही अवघड प्रश्नही आहेत. त्यांतला एक मला वाचकासमोर ठेवायचा आहे, कारण तो आपलाही आहे. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी दोघांना सारखं, असं त्यात आहे. देशभरातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला 2005 साल लागलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात वसईची ख्रिस्ती लेक आमच्या लेकीपेक्षा कितीतरी वर्षं पुढं होती. तरीही सातबाऱ्यावर ती का दिसत नाही? कारण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लेकींसारखीच तीही भावाशी नातं तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. सासरी तर तिनं मागायचाही रिवाज नाही. शेतकरी संघटनेच्या नोव्हेंबर 1986 मधल्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम मांडली आणि मराठवाड्यातल्याही काही शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ही हाक धर्म पाहून दिलेली नव्हती, आणि वसईलाही ती तितकीच लागू आहे.

चर्चलाही एक विनंती करावीशी वाटते. धर्मग्रामांच्या शतकोत्तर महोत्सवांच्या स्मरणिका निघतात, त्यांत धर्मगुरूंच्या याद्या असतात, बांधकामाच्या तारखा असतात. शाळेतल्या बाईंनी किती वर्षं धर्मशिक्षण दिलं, कोणत्या आळीची रोझरी कोणी चालवली, दुष्काळी उन्हाळ्यात देवळाच्या बागेला पाणी कोणी घातलं, हेही त्या स्मरणिकांत यावं. ज्या श्रद्धेनं सर्वांना पावित्र्याची हाक दिली, तिच्या नोंदवहीत बाईसाठी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्याच तीन जागा पुरणार नाहीत.

वाचकांनी हे पुस्तक कसं वाचावं? एका बैठकीत संपवू नये. एकेक आठवण वाचावी आणि आपल्या घरातली, गावातली तशी बाई आठवावी. धर्म वेगळा आहे म्हणून हे पुस्तक परकं वाटलं, तर जनाबाईच्या गंगाखेडहून चालत या बाईंच्या वाडीपर्यंत जावं. वाट वाटते तितकी लांब नाही. आणि या आठवणींत गौरवाची भाषा कमी, कामाची जास्त आहे, याची मनात नोंद घ्यावी. बाईंनी स्वतःबद्दल बोलताना देवाची कृपा, नवऱ्याची साथ, मुलांची हुशारी यांना श्रेय दिलं आहे. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण वाचकानं त्यापुढं जाऊन त्यांच्या श्रमाचं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या तरुण शिक्षकांना आणि शिक्षिकांना एक सांगणं. निवृत्त झालेल्या शेतकरी घरांतल्या शिक्षिका तुमच्या गावात आहेत. मुस्लिम आहेत, बौद्ध आहेत, मराठा, हटकर, बंजारा आहेत, थोड्या ख्रिस्तीही आहेत. त्यांच्याकडं जा, मोबाइलवर त्यांचं बोलणं साठवून घ्या आणि लिहून काढा. कोणतं पीक कधी होतं, पहिला पगार किती होता, तो कशावर खर्च झाला, पहाटे कोणता देव आठवला, शाळेत पहिली मुलगी कधी आली, असं सगळं विचारा. त्यांच्या सेवापुस्तिका अजून कुठल्यातरी कपाटात असतील, त्याही पाहा. आणि ज्यांच्या घरी अशी आई किंवा सासू आहे, त्यांनी उद्या तलाठी कार्यालयात जाऊन सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचा अर्ज करावा. या पुस्तकाचा खरा उपयोग झाला असं मी त्या दिवशी म्हणेन.